एक अक्षर कमी, एक अक्षर जास्त



कार्यवाहांनी मला विषय दिला तो असा : पुस्तके आणि पॉडकास्ट यांचा स्वतःच्या आणि व्यवसायाच्या प्रगतीसाठी उपयोग. "तरुण मंडळी येतील, डॉक्टर," असेही ते म्हणाले. समोर तरुण थोडे आहेत आणि त्यांचे आईवडील, आजीआजोबा पुष्कळ आहेत. हरकत नाही. यशस्वी कसे व्हावे याचा उपदेश करणारे आता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये बसलेले असतात, त्यांत मी भर घालत नाही. मी थोडा इतिहास सांगणार आहे, कारण कानाने आणि पुस्तकाने शिकण्याचा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे आणि त्याची काही उत्तरे आपल्याच मुलखात तपासून झालेली आहेत.

आधी हा विषय माझ्यापर्यंत कसा आला ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात एक सव्वीस वर्षांचा मुलगा दवाखान्यात आला. डिप्लोमा झालेला, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत नोकरी. झोप येत नाही ही तक्रार. आम्हा होमिओपॅथीवाल्यांना प्रश्न फार विचारावे लागतात, तसे विचारत गेलो. तेव्हा कळले की हा रोज दोन-अडीच तास पॉडकास्ट ऐकतो. जाता-येता, जेवताना, अंथरुणावर पडल्यावरही. वेळ वाचावा म्हणून दीडपट वेगाने. उद्योजकांच्या मुलाखती, चांगल्या सवयी, पैशाचे नियोजन. अकरा महिने हे चालले होते. मी विचारले, "त्यातले एखादे करून पाहिलेस का?" तो गप्प. "कोणाशी त्यावर बोललास?" तो म्हणाला, "कोणाशी बोलणार, काका? एक भाग संपला की पुढचा सुरू होतो."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले.

श्रुतपंचमीची गोष्ट

आमच्या घरी ज्येष्ठ शुद्ध पंचमीला पोथ्यांची पूजा असे. दिगंबर जैन समाजात हा श्रुतपंचमीचा दिवस. आजी शास्त्रांची जुनी वेष्टने सोडायची, पोथ्यांना ऊन दाखवायची आणि नवी वेष्टने बांधायची. त्या दिवसामागची कथा तिनेच मला सांगितली.

गिरनारच्या चंद्रगुहेत आचार्य धरसेन राहत. त्या काळी आगमांचे ज्ञान कानोकानी चालत असे. गुरूने सांगायचे, शिष्याने ऐकून पाठ करायचे. धरसेन वृद्ध झाले आणि आपल्याबरोबर हे ज्ञान संपेल अशी चिंता त्यांना लागली. त्यांनी दक्षिणेकडच्या मुनिसंघाकडे निरोप पाठवला, तेव्हा दोन मुनी आले. पुढे पुष्पदंत आणि भूतबली या नावांनी ते ओळखले गेले. धरसेनांनी त्यांची परीक्षा घेतली. दोघांना एकेक मंत्र साधनेसाठी दिला. एका मंत्रात एक अक्षर कमी होते आणि दुसऱ्यात एक अक्षर जास्त. साधना केल्यावर देवता प्रकट झाल्या, पण एक एकाक्षी आणि दुसरीचे दात पुढे आलेले. देवतांचे रूप असे असत नाही, अर्थी मंत्रातच काही चुकले आहे, असे दोघांनी ओळखले. मंत्रशास्त्राच्या नियमांनी त्यांनी आपापला मंत्र तपासला, दुरुस्त केला, पुन्हा साधना केली आणि मगच गुरूंना घडलेले सांगितले. धरसेन संतुष्ट झाले आणि त्यांनी शिकवायला सुरुवात केली. त्या ज्ञानातून षट्खंडागम लिहिला गेला. तो पूर्ण झाला तो दिवस श्रुतपंचमीचा, अशी परंपरा आहे.

लहानपणी मला त्यात देवतांचे दात तेवढे आवडत. आता वाटते, या कथेतल्या गुरूची परीक्षा विलक्षण होती. प्रत्यक्ष गुरूने दिलेला पाठ जसाच्या तसा गिळणारा शिष्य तिथे नापास झाला असता.

तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचना म्हणजे ग्रंथ आणि त्याचा अर्थ देणे-घेणे. पृच्छना म्हणजे शंका विचारणे. अनुप्रेक्षा म्हणजे जाणलेल्या अर्थाचे मनात पुन्हा पुन्हा चिंतन. आम्नाय म्हणजे शुद्ध उच्चाराने आवृत्ती. धर्मोपदेश म्हणजे ते दुसऱ्याला सांगणे. यात वाचना हे पाचांतले एकच अंग आहे, आणि तिच्या लगेच पाठोपाठ प्रश्न विचारणे येते. दवाखान्यातल्या त्या मुलाचे पहिले अंग अकरा महिने जोरात चालू होते. बाकीची चार बंद होती.

पहिलेही अंग बंद पडू शकते. षट्खंडागमावरच्या धवला टीकेच्या ताडपत्री प्रती मूडबिद्रीला शतकानुशतके जपल्या गेल्या. भाविक जात, लांबून दर्शन घेत आणि परत येत. पूजा अखंड होती, पण वाचणारे उरले नव्हते. हा ग्रंथ छापून अभ्यासकांच्या हाती पडू लागला तो १९३९ पासून, अमरावतीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या प्रा. हिरालाल जैन यांच्या संपादनामुळे. आपल्या घरातल्या काचेच्या कपाटांची आठवण मला इथे होते. माझ्याही.

पेटीतली पुस्तके

पुस्तक सामान्य माणसाच्या हाती पडावे यासाठीची धडपड आपल्या भागात एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. गोव्यात पणजीला १८३२ साली सार्वजनिक ग्रंथालय निघाले. पुण्याचे नेटिव्ह जनरल लायब्ररी १८४८ चे, आणि आपले बेळगावचे सार्वजनिक वाचनालयही १८४८ चेच. ज्यांचे आजोबा-पणजोबा संध्याकाळी तिथे वर्तमानपत्र वाचायला जात, अशी पुष्कळ घरे या सभागृहात आहेत.

पण या प्रश्नाचा सर्वांत पद्धतशीर विचार केला तो बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी. १९०६ साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मग लक्षात आले की शाळा सोडलेल्या मुलाच्या हाती पुन्हा पुस्तक पडले नाही तर काही वर्षांत तो अक्षरे विसरतो आणि शाळेवरचा खर्च वाया जातो. अमेरिकेतली ग्रंथालये त्यांनी प्रवासात पाहिली होती. तिथून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना त्यांनी १९१० साली बडोद्याला आणले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, त्यात महाराजांचा खाजगी संग्रहही दिला गेला. गावोगावच्या वाचनालयांसाठी नियम ठरला : गावाने काही रक्कम जमवली तर तेवढीच सरकार देईल आणि तेवढीच प्रांताचे मंडळ देईल. गावाने काहीच जमवले नाही तर काहीच नाही. जिथे वाचनालय नव्हते तिथे फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या जात. पेटीत निवडक पुस्तके असत. गावकऱ्यांनी ती वाचायची, पेटी परत पाठवायची, मग दुसरी यायची.

पेटीचा गुण असा की ती परत करावी लागे. मुदत असे. तोवर शेजाऱ्याने कोणते पुस्तक नेले, त्याला कसे वाटले, हे बोलणे आपोआप होई. आजच्या फोनमधली पेटी कधी रिकामी होत नाही आणि ती परतही द्यावी लागत नाही.

सयाजीरावांचेच नाव आणखी एका पुस्तकाच्या गोष्टीत येते. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक विद्यार्थी रोज वाचत बसलेला दिसे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्याची विचारपूस केली, त्याच्याशी ते बोलू लागले, त्याला पुस्तके देऊ लागले. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धाचे मराठी चरित्र भेट दिले. पुढच्या शिक्षणाला पैसे नव्हते, तेव्हा केळुसकरच त्याला सयाजीरावांकडे घेऊन गेले आणि शिष्यवृत्ती मिळाली. तो विद्यार्थी भीमराव आंबेडकर. १९१३ साली तो बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेला. पुस्तकाने माणूस घडतो असे आपण म्हणतो. इथे पुस्तकाबरोबर एक माणूसही होता, ज्याने आधी विचारले की बाळा, काय वाचतोस?

बेळगावचा नांगर

आता आपल्या अंगणातली गोष्ट. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण काही रंग त्यांना ओळखता येत नाहीत असे लक्षात आले आणि तो मार्ग संपला. मग त्यांनी यांत्रिक ड्रॉइंग धरले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून दुसऱ्याला ती मिळाली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला आले. इथे थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान १८८८ पासून होतेच.

आजच्या भाषेत सांगायचे तर करिअर दोनदा मोडलेला हा माणूस. इंजिनिअरिंगची पदवी नाही, हाताशी धरणारा कारखानदार नाही. त्यांचा गुरु म्हणजे परदेशी तांत्रिक मासिके आणि यंत्रांचे कॅटलॉग. त्यातून पाहून, समजून घेऊन त्यांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि १९०३ साली लोखंडी नांगर.

मासिके इथवर घेऊन आली. पुढचा धडा कोणत्याच मासिकात नव्हता. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि नांगर कोणी घेईना. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. अमेरिकन मासिकातल्या शेतकऱ्याला ही शंका नव्हती, म्हणून तिचे उत्तरही त्यात नव्हते. मंत्रातले एक अक्षर कमी होते म्हणा ना. ते शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊनच भरावे लागले. दोन वर्षे लोखंडी नांगर धूळ खात पडलेला पाहणे ही माझ्या मते पृच्छनाच आहे. फरक इतकाच की इथे प्रश्न गुरूला नव्हता, शेतकऱ्याला होता आणि स्वतःला होता.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ देऊ केला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. कामगार आणि कुटुंबे यांसह कारखान्याचे गाव वसवायचे, ही कल्पनाही परदेशातल्या उद्योगनगरांविषयीच्या वाचनातून त्यांच्या मनात होती. आणि १९२० साली पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी तिथून 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, १९३० साली 'स्त्री' आले, १९३४ साली 'मनोहर'. दुसऱ्यांची मासिके वाचून उभा राहिलेला कारखाना दुसऱ्यांसाठी मासिके काढू लागला. स्वाध्यायाचे पाचवे अंग, इतरांना सांगणे, ते हेच. आपल्या घरांतून ही मासिके कशी वाट पाहून वाचली जात हे इथल्या आजीबाईंना मी सांगायला नको.

एकशे पन्नास गावे आणि एक रेडिओ

कोणी म्हणेल, डॉक्टर, हे सारे पुस्तकांचे झाले. पॉडकास्ट ऐकायचा असतो. बरोबर. पॉडकास्ट हा शब्दच २००४ साली जन्मला. पण ऐकून शिकण्याची माध्यमे आपल्याला परकी नाहीत. कीर्तन होते. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला होती, जिच्या वाटेवर आपली ही व्याख्यानमालाही चालते. आणि रेडिओ होता. रेडिओच्या बाबतीत तर एक प्रयोगच होऊन गेला आहे, आपल्या शेजारी.

१९५६ सालचा तो प्रयोग. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने शेतकऱ्यांसाठी रेडिओ मंडळे सुरू केली. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे निवडली. तेव्हा हे सगळे मुंबई राज्यात होते, आणि आपले बेळगावही होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते मैसूर राज्यात गेले, ही आठवण इथे कोणाला करून द्यायला नको.

प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे मंडळ. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा. असे वीस कार्यक्रम झाले. विषय शेती, आरोग्य, सहकार, गावाचा कारभार. रेडिओ बंद झाला की खरे काम सुरू होई. मंडळाने चर्चा करायची, चिटणिसाने टिपण लिहायचे, शंका आणि आक्षेप पुणे केंद्राला पाठवायचे. केंद्र पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरे देई.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने याची पाहणी केली आणि ती फार शहाणपणाने केली. मंडळाची गावे घेतलीच, शिवाय जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते अशी गावे घेतली आणि जिथे रेडिओच नव्हता अशीही घेतली. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना प्रश्न विचारून कोणाला किती कळले ते मोजले. मंडळाच्या गावांत लोकांचे ज्ञान पुष्कळ वाढले होते. ज्या गावांत नुसता रेडिओ होता तिथे त्या मानाने फारच थोडे.

हा निष्कर्ष वाचला तेव्हा मला तो मुलगा आठवला. तो मंडळ नसलेले गाव होता. आवाज तोच, माहिती तीच. रेडिओ बंद करून बोलायला बसण्याची वेळ मात्र त्याच्या दिवसात कुठेच नव्हती.

माझी चूक

दुसऱ्याच्या मुलाबद्दल इतके बोललो, आता स्वतःबद्दल थोडे. दवाखाना सुरू करून दोन-तीन वर्षे झाली होती. पुस्तके वाचण्याचा मला गर्व होता आणि कपाट भरलेले होते. एक मध्यमवयीन विणकर खोकला घेऊन आला. लक्षणे लिहून घेतली, रात्री ग्रंथ काढले, ताडून पाहिले आणि औषध दिले. पंधरा दिवसांनी औषध बदलले. मग आणखी एकदा बदलले. असे सहा आठवडे गेले. प्रत्येक वेळी ग्रंथात मला माझ्या निवडीला आधार सापडत होता. कपाटात ग्रंथ पुष्कळ असले की आधार कुठे ना कुठे सापडतोच.

मग सहज एका ज्येष्ठ एम.बी.बी.एस. डॉक्टरांकडे त्याची गोष्ट काढली. त्यांनी दोनच प्रश्न विचारले : "वजन किती उतरले? थुंकी तपासली?" मी दोन्ही केले नव्हते. त्याला क्षयरोग होता. सरकारी औषधे सुरू झाली, तो बरा झाला. पण ते सहा आठवडे तो घरात दोन लहान मुलांजवळ झोपत होता. एक मूल पुढे आजारी पडले. तेही बरे झाले, हे माझे भाग्य. ग्रंथांची चूक नव्हती. ज्याला विचारायला हवे होते त्याला मी विचारले नव्हते, कारण विचारले तर आपल्याला कमी कळते असे दिसेल अशी भीती होती. त्यानंतर तीन आठवड्यांत न हटणारा खोकला मी तपासणीसाठी पाठवल्याशिवाय राहिलो नाही. शंका विचारायला लाजणे मात्र पुरते गेले असे म्हणणार नाही.

म्हणून पॉडकास्टला मी नावे ठेवत नाही. मीही ऐकतो. आमच्या पिढीला मुंबई-पुण्याचे मोठे व्याख्याते ऐकायला मिळणे म्हणजे भाग्याचा दिवस असे. आज खेड्यातला मुलगाही जगातला उत्तम जाणकार घरबसल्या ऐकतो. पण त्या प्रत्येक पाठात एखादे अक्षर कमी असते आणि एखादे जास्त. बोलणाऱ्याचे गाव वेगळे, भांडवल वेगळे, काळ वेगळा. ते अक्षर शोधण्याचे काम ऐकणाऱ्याकडेच राहते, आणि एकट्याला ते बहुधा सापडत नाही.

त्या मुलाला मी झोपेचे औषध दिले नाही. रात्री नऊनंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगितले आणि आठवड्यात एकच पॉडकास्ट, साध्या वेगाने. ऐकून झाल्यावर एका पानावर एकच शंका लिहायची आणि ती कारखान्यातल्या एका तरी माणसाला विचारायची. तो नाखुषीनेच गेला. महिन्याने आला तेव्हा झोप बरी होती. एका परदेशी कार्यक्रमात त्याने ऐकले होते की कास्टिंगमधली भोके कमी करायला वाळूतला ओलावा रोज मोजावा. त्याने ते साच्यावरच्या एका जुन्या कारागिराला विचारले. म्हातारा हसला. म्हणाला, "इथे जुलैत सकाळची वाळू आणि दुपारची वाळू वेगळी असते रे. रोज एकदा मोजून काय होणार? दोनदा मोज." एक अक्षर कमी होते, ते त्या माणसाकडे होते. आता दोघे मिळून वहीत नोंद ठेवतात.

सभेच्या चालकांना माझी एक विनंती आहे. आपल्या वाचनालयात वर्तमानपत्रांचे टेबल अजून आहे, पण संध्याकाळी त्याभोवती बहुतेक आम्ही साठीचेच लोक असतो. महिन्यातून एक संध्याकाळ अशी ठेवू या की एक पुस्तक किंवा एक पॉडकास्ट सगळ्यांनी आधी वाचून किंवा ऐकून यायचे. वक्ता बोलवायचा नाही. फक्त शंका विचारायच्या आणि एकाने टिपण लिहायचे. तरुण कानडीत, इंग्रजीत, हिंदीत जे ऐकत असतील तेही घेऊन येऊ देत. चर्चा मराठीत झाली म्हणजे झाले. सीमेवरच्या आपल्या भाषेला सभागृहाबाहेर, कामाच्या प्रश्नांत, वापरायची जागा त्यातूनच मिळेल.

पहिल्या बैठकीला मी येईन आणि फाउंड्रीतल्या त्या दोघांनाही बोलवीन. ती वही मला पाहायची आहे.

माझे बोलणे संपले. आता आपण शंका विचाराव्यात.